कुलूपबंद चाल

औशाच्या महादेवप्पाशी बोलायचं म्हणजे एक अडचण असायची. तो बोलणाऱ्याच्या तोंडाकडं बघायचाच नाही, हाताकडं बघायचा. तुम्ही घरच्या आजारपणाचं सांगा, नाहीतर पोरीच्या लग्नाचं, त्याची नजर आपली तुमच्या बोटांवर. बाजारपेठेतल्या किराणा दुकानात तो लहानाचा मोठा झाला आणि वडिलांनी, शंकरप्पांनी, त्याला पाढ्यांच्या आधी हीच विद्या दिली. "गिऱ्हाईक हासून राहिलंय का रडून राहिलंय, ते त्याचं त्याला. त्याचा हात कुठल्या पोत्यात हाय, ते आपून बघायचं." पोरानं बापाचा शब्द असा काही धरून ठेवला, की देवळात नमस्काराला वाकलेल्या माणसाचे हातसुद्धा तो बघायला लागला.

असला माणूस दुकानाच्या गादीवर शोभतो. पण महादेवप्पाला गाण्याचं वेड होतं, आणि तिथंच सगळी पंचाईत झाली.

लातूरला सिद्धेश्वराच्या जत्रेतून त्यानं बुलबुलतरंग आणला. टाइपरायटरसारखी बटणं आणि खाली तारा. आपल्याकडं त्यालाच बँजो म्हणतात. सोमवारच्या भजनात तो पेटीच्या जोडीला वाजवायला लागला, म्हातारे खूश झाले. मग महादेवप्पानं एका रेडिओ दुरुस्तीवाल्याला गाठून बँजोच्या पोटात माइक बसवून घेतला, ट्रॅक्टरची बॅटरी जोडली आणि वर भोंगा लावला. पहिल्याच सोमवारी असा खणखणाट झाला, की देवळातली कबुतरं उडाली आणि पाठोपाठ म्हातारेही उठले. "आरं, देवाला काय बहिरा समजलास का?" असं एकानं जाता जाता विचारलं. त्या दिवशी बँजो देवळातून बाहेर पडला तो थेट वरातीत शिरला.

पार्टी उभी राहिली ती चौघांची. शाळेत एका बाकावर बसलेला ग्यानोबा लातूरच्या एका बँडात सनईसारखं क्लॅरिनेट फुंकायला शिकून परत आला होता. खाजामियाँ पिंजाऱ्याचा, दिवसा गाद्या भरायचा आणि संध्याकाळी साइड ड्रमवर असा हात चालवायचा, की कापसाबरोबर त्यानं वाराही पिंजून काढावा. चौथा शेषेराव. जवळच्याच गावचा कुणबी, मोटेच्या नाड्यासारखे दंड, त्याच्या गळ्यात ढोल. हातगाड्यावर भोंगा आणि बॅटरी ठेवून ही पार्टी नवरदेवाच्या पुढं चालायची.

या पार्टीचा एक हट्ट होता. सिनेमातलं गाणं वाजवायचं नाही. "ते वाजवणारे गल्लोगल्ली हायत," महादेवप्पा म्हणायचा. "आपली पार्टी आपलीच चाल वाजवील. ज्याला पायजे त्यानं बोलवावं, नको त्यानं दुसरीकडं जावं." बरेच जण दुसरीकडंच जायचे. वऱ्हाडी दारू पिऊन फर्माइशी करायचे, नवरदेवाचे मामे अंगावर धावून यायचे, पण हा गडी ढिम्म. चाली तो दुकानातच करायचा. तूरडाळ जोखता जोखता त्याची बोटं गल्ल्यावर नाचायची आणि गिऱ्हाइकाला वाटायचं, हा काहीतरी हिशेब चुकवतोय.

अशीच एक चाल त्यानं मोठ्या जिवानं केली आणि औशातल्या एका वरातीत वाजवली. पुढच्याच आठवड्यात तो लातूरला एका लग्नात पाहुणा म्हणून पंगतीला बसला होता. बाहेरून वरात आली, आणि दुसराच बँड त्याची चाल वाजवत होता. सुरुवातीपासून शेवटापर्यंत. महादेवप्पाच्या घशात बुंदी अडकली. खरं म्हणजे यात नवल काय? वरात काही बंद खोलीत निघत नाही. ज्याला कान आहेत तो ऐकणार, ज्याला तोंड आहे तो गुणगुणणार. पण महादेवप्पाला हे कोण सांगणार? दुधानं तोंड पोळलं, तेव्हापासून तो ताकच नव्हे, पाणीसुद्धा फुंकून प्यायला लागला.

त्यानं पार्टीला नवा नियम घातला. तसला नियम तुम्ही कुठल्या वाजंत्र्यात ऐकला नसेल. दुकानाच्या मागं पोत्यांची खोली होती. तिथं तो एकेकाला बोलवायचा, दार लोटायचा आणि ज्याचा त्याला तुकडा तोंडानं म्हणून दाखवायचा. ग्यानोबाला क्लॅरिनेटचा, खाजामियाँला ड्रमचा, शेषेरावला ढोलाचा. तो तुकडा घोटून घेतला, की त्याला मागच्या दारानं काढायचा आणि मग पुढच्याला आत घ्यायचा. कुणी कुणाला आपलं सांगायचं नाही. एकत्र तालीम नाही. पुरी चाल फक्त महादेवप्पाच्या डोक्यात, आणि ती सगळ्यांनी मिळून पहिल्यांदा ऐकायची ती भर वरातीत.

"अप्पा, ये तो ऐसा हुआ, की चार आंधळ्यांनी हत्ती धरला," खाजामियाँ एकदा म्हणाला.

"हत्ती माझा हाय," महादेवप्पा म्हणाला. "तुमी पाय धरा."

आणि गंमत बघा, या आडमुठेपणातून पार्टीला जे मिळालं, ते शहाणपणातून मिळालं नसतं. कुणालाच पुढचं ठाऊक नसल्यामुळं जो तो आपला तुकडा वाजवून थांबायचा आणि महादेवप्पाच्या भुवईकडं बघायचा. भुवई उडाली, की पुढचा सुरू. त्यामुळं चालीत मधेमधे गप्पकन शांतता पडायची. नाचणारी पोरं हात वर करून तशीच खांबासारखी उभी राहायची, आणि मग एकदम बँजो कडाडला, की सगळा रस्ता उसळायचा. लोकांना या थांबण्याचंच वेड लागलं. औशाची पार्टी म्हणायच्या ऐवजी लोक 'थांबपार्टी' म्हणायला लागले. निलंगा, उदगीर, पार देगलूरपर्यंत बोलावणी आली. संशयाला फळं येतात हे महादेवप्पानं स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं, मग तो ते झाड कशाला तोडतोय?

एक मात्र त्याच्या ध्यानात आलं नाही. पोत्यांच्या खोलीच्या पलीकडं स्वयंपाकघर होतं. मधे भिंत नव्हती, थप्पी होती पोत्यांची आणि वर तरटाचा पडदा. पडद्याआड त्याची बायको गौरम्मा डाळ निवडत बसलेली असायची. गौरम्मा कंधारची. चार शब्द बोलायचे तिथं दोनच बोलणारी. महादेवप्पा दार लोटायचा, खिडकी लावायचा, रस्त्यावर कुणी रेंगाळतंय का बघायचा. पडदा त्यानं कधी बघितला नाही. घरात बायको असतेच; तिला काय बघायचं?

बहात्तरचा दुष्काळ आला आणि सगळ्याच पार्ट्या गप्प झाल्या. लग्नं झाली ती चार माणसांत, बिनवाजंत्र्याची. ढोलाचं कातडं वाळून तडकलं. दुकानात रेशनच्या लाल मिलोसाठी, त्या परदेशी जोंधळ्यासाठी, रांगा लागल्या, त्यामुळं महादेवप्पाचं बूड गादीवर टिकून राहिलं. बाकीचे तिघं लातूर रस्त्याच्या दुष्काळी कामावर खडी फोडायला गेले. एके दिवशी रांगेतली एक बाई हसून म्हणाली, "अप्पा, तुमची पार्टी खडीवर लई जोरात हाय की!"

"कसली पार्टी?" महादेवप्पाच्या हातातलं माप थांबलं.

"दुपारच्याला वाजवत्यात न्हवं का. घडीभर जीव रमतो."

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यानं दुकान लावून घेतलं आणि सायकल काढली. हिरव्या दांडीची सायकल, अख्ख्या औशात तशी दुसरी नव्हती. कामाच्या ठिकाणाअलीकडं त्यानं ती एका बाभळीला टेकवली आणि पाय न वाजवता खडीच्या एका ढिगामागं जाऊन उभा राहिला. ऊन असं, की दगडाला हात लावला तर फोड यावा. सुट्टी झाली होती. बायामाणसं सरकारकडून मिळालेल्या सुकडीचे घास घेत बसली होती. आणि मधे हे तिघं. खाजामियाँच्या पुढं पालथं घमेलं, शेषेरावच्या पुढं डांबराचं रिकामं पिंप, ग्यानोबानं टॉवेलात गुंडाळून आणलेलं क्लॅरिनेट.

त्यांनी महादेवप्पाचीच एक चाल धरली. तुकडा नव्हे, पुरी चाल. एकमेकांचे तुकडे त्यांनी एकमेकांना दिले होते आणि गोधडी शिवावी तशी ती शिवून काढली होती. पिंपाचा आवाज ढोलाहून कडक निघत होता. आपली चाल अशी वाजू शकते हे महादेवप्पाला पहिल्यांदाच कळलं, आणि ऐकता ऐकता तो स्वतःला विसरला. पण ते क्षणभरच. बँजोची जागा आली तेव्हा तिघंही थांबले. काहीच वाजवलं नाही. वारा तेवढा होता. मग त्यांनी पुढचं घेतलं. चाल संपली, त्यांनी परत पहिल्यापासून धरली, आणि बँजोच्या जागेला परत थांबले; या खेपेला जरा जास्तच वेळ.

महादेवप्पाची बोटं ढिगाच्या दगडांवर आपोआप चालायला लागली होती. त्यानं ती मुठीत धरली. 'माझा तुकडा अजून यांना घावला न्हाई,' त्याच्या मनात आलं. 'बाकी सगळं चोरलं, एवढंच राहिलंय. हे आता जिवापाड जपायला पायजे.' तो आला तसा गेला. कुणाला काही बोलला नाही. खरा संशयी माणूस कधी बोलून दाखवत नाही, तो साठवून ठेवतो.

दुष्काळ सरल्यावर त्यानं शेषेरावला सांगितलं, "ढोल राहू दे. डांबराचं पिंप आण. मला येक सुचलंय."

शेषेरावनं ग्यानोबाकडं बघितलं. ग्यानोबा क्लॅरिनेट पुसत होता, तो पुसतच राहिला.

पिंपानं पार्टीचा नूरच बदलला. वरातीतली म्हातारी माणसं कानावर हात ठेवायची आणि पोरं अंगातले सदरे काढून फिरवायची. दहा वर्षं अशी वाजत गेली. नियम मात्र तोच. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, आणि इथं तर सुंभ जळलाही नव्हता.

मग ब्याऐंशी साल उजाडलं. लातूर जिल्हा होणार, होणार म्हणत खरंच होणार असं ठरलं. साध्या दाखल्यासाठी जिल्ह्याच्या गावी, उस्मानाबादला जाणाऱ्या बसला लोंबकळणाऱ्या माणसांना जणू घरातच कचेरी आली. ऑगस्टात मोठी मिरवणूक निघणार, त्यात गावोगावच्या पार्ट्या वाजवणार, असा सांगावा आला. महादेवप्पानं ठरवलं, आजवर केली नाही अशी चाल करायची. नव्या जिल्ह्याची पहिली चाल औशाची असली पाहिजे. वीस वर्षं लोकांनी 'सिनेमातलं वाजव' म्हणून हिणवलं होतं, त्या सगळ्यांना एका दिवसात उत्तर द्यायचं होतं.

चैत्रात त्यानं पोत्यांच्या खोलीत एकेकाला चाल द्यायला सुरुवात केली. आणि वैशाखात नांदेडला बँजोच्या तारा आणायला गेला, तर तिथल्या एका वरातीत कंधारच्या गुरुपादप्पाची पार्टी ती चाल वाजवत होती! अजून औशातही न वाजलेली चाल. ड्रम त्यांचा त्यांचा होता, पण सूर सगळे याचे. महादेवप्पा एका पानटपरीला धरून उभा राहिला. वरातीत ऐकून चोरली म्हणावं, तर वरात झालीच नव्हती. म्हणजे आतलाच कुणीतरी. आणि कंधारला कोण जातं? ग्यानोबा. त्याची बहीण दिली होती तिथं.

तरी त्यानं एकदम आरोप केला नाही. वडिलांची एक युक्ती त्याला आठवली. गूळ चोरीला जायला लागला, की शंकरप्पा प्रत्येक हमालाच्या ढेपांना वेगळी खूण करायचे. ढेप कुठं सापडली की कुणाच्या हातून गेली ते कळायचं. महादेवप्पानं चालीला खुणा केल्या. आषाढात एकेकाला परत बोलवून सांगितलं, "जरा बदल केलाय." खाजामियाँला ड्रमचा एक उलटा ठेका दिला, शेषेरावला पिंपाचे दोन जादा ठोके, आणि ग्यानोबाला ओळीच्या शेवटी एक मुरकी. झोका वर जाऊन क्षणभर अधांतरी राहतो तशी ती मुरकी होती. देताना महादेवप्पाला स्वतःलाच ती फार आवडली, आणि चोरासाठी एवढी गोड खूण कशाला केली असंही वाटून गेलं.

नागपंचमीला गौरम्मा माहेरी गेली. सण झाल्यावर महादेवप्पा तिला आणायला कंधारला गेला, तर देवळापुढच्या पारावर गुरुपादप्पाच्या पार्टीची तालीम चाललेली. ठेका साधाच होता. पिंप त्यांच्याकडं नव्हतंच. पण ओळीच्या शेवटी ती मुरकी आली.

सासुरवाडीत त्यानं चहा घेतला, पण चव कळली नाही. परतीच्या बसमध्ये तो खिडकीबाहेर बघत बसला. शेजारी गौरम्मा माहेरच्या आनंदात काहीतरी गुणगुणत होती.

"गप बस गं," तो खेकसला. "डोकं दुखून राहिलंय."

गौरम्मानं मांडीवरचं गाठोडं आवरून धरलं.

दुसऱ्या दिवशी दुकानाच्या ओट्यावर, चार गिऱ्हाइकं उभी असताना, महादेवप्पानं ग्यानोबाला विचारलं, "कंधारला कितीला इकली?"

ग्यानोबाला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा त्याचा चेहरा उतरला. "अप्पा, बाकावर शेजारी बसलो तवापून वळखता मला."

"म्हनूनच इचारून राहिलो."

"तुमाला तसं वाटतंय ना, मंग मी न्हाई म्हनून काय उपेग? जातो. पर येक करा. ती चाल मला येकदा पुरी ऐकवा. माझ्या तुकड्याच्या पुढं काय येतंय, मला ठावंच न्हाई."

"म्हंजे ऱ्हायलेली बी इकशील?"

ओट्यावरचं एक गिऱ्हाईक हसलं. ग्यानोबानं क्लॅरिनेट काखेत मारलं आणि तो पायऱ्या उतरला. खाजामियाँ आणि शेषेराव दुकानाच्या कडेला उभे होते. त्यांनी मान खाली घातली. त्यांनाही आता आपल्या पाळीची भीती वाटत होती. घरात महादेवप्पानं एवढंच सांगितलं, की ग्यानोबा आपल्या मनानं पार्टी सोडून गेला.

मिरवणुकीच्या दिवशी लातूरच्या बाजारात, गंजगोलाईत, मुंगीला पाय ठेवायला जागा नव्हती. औशाच्या पार्टीचा नंबर आला. बँजो कडाडला, पिंप घुमलं, पोरं उसळली. क्लॅरिनेटची जागा आली आणि महादेवप्पाची भुवई सवयीनं उडाली. कुणी नव्हतं. पोरं हात वर करून थांबली, थांबूनच राहिली, मग एकेकाचे हात खाली आले. खाजामियाँनं कसाबसा ड्रम पुढं रेटला. गर्दी तोवर मागच्या पार्टीकडं वळली होती.

मागं गुरुपादप्पाची पार्टी होती, आणि तीच चाल. महादेवप्पानं हातगाडा सोडला, गर्दीत घुसला आणि गुरुपादप्पाची मानगूट धरली. "कुनी दिली तुला? नाव सांग! ग्यानोबानं ना?"

गुरुपादप्पा भांबावला. "कोन ग्यानोबा? दाजी, सोडा की! चाल तर तुमच्याच घरची हाय. गौरम्माअक्कानं चैतात आमच्या गल्लीत बारशाला पाळन्यात म्हनली. पंचमीला झोक्यावर पुन्ना म्हनली, अजूक गोड करून. समद्या बायका म्हनायला लागल्या. माझी माय दिसभर तेच म्हनती. मी इचारलं बी अक्काला. ती म्हनली, घरातलीच हाय, वाजव."

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो असा. आणि त्याहून वाईट एक गोष्ट महादेवप्पाला तिथं गर्दीत उभ्या उभ्या उमगली. त्यानं तिघांना तीन खुणा दिल्या होत्या. त्यातल्या दोन ठोक्यांच्या. ठोके काय कुणी पाळण्यात म्हणणार आहे? म्हणता येण्यासारखी खूण एकट्या ग्यानोबाची होती. सापळा त्यानं असा लावला होता, की सापडला तर ग्यानोबाच सापडणार.

घरी आल्यावर तो पोत्यांच्या खोलीत उभा राहिला. पहिल्यांदाच पडदा बाजूला सारला. पलीकडं गौरम्मा सूप घेऊन बसली होती, हातभरावर.

"तू समदं ऐकत व्हतीस?"

"आता कान काय चुलीत घालू?" गौरम्मा म्हणाली. "वीस वरसं ऐकून राहिले. येक जन येतो, तुकडा घेतो, जातो. दुसरा येतो. मी डाळ निवडता निवडता जोडते."

"मंग भायेर कामून म्हनलीस?"

"तुमी कधी सांगितलं, की ही लपवायची हाय म्हनून? मला वाटलं, माझ्या नवऱ्यानं केलीया, चांगली हाय, चार बायकांनी म्हनावी." मग तिच्या काहीतरी लक्षात आलं आणि सूप खाली ठेवून तिनं त्याच्या तोंडाकडं बघितलं. "अवो, ग्यानोबाभावजी खरंच आपल्या मनानं गेले का?"

महादेवप्पानं पडदा परत ओढून घेतला. त्या दिवसापासून घरात जेवण वाढलं जायचं, पण बोलणं बंद. ग्यानोबा गावातही राहिला नव्हता. धर्माबादला मिरचीच्या बाजारात हमालीला गेला, असं कळलं. 'आज जातो, उद्या जातो' करत महादेवप्पानं दिवाळी काढली. लाजेचं ओझं पोत्यासारखं नसतं, खांदा बदलता येत नाही. शेवटी संक्रांतीला गौरम्मानं तिळगुळाचा डबा त्याच्या पुढं आदळला. "तुमी जाता, का मी जाऊ?"

धर्माबादला उतरल्याबरोबर त्याला ठसका लागला. मोकळ्या मैदानात मिरचीचे ढीग लागले होते आणि लोक तोंडाला फडकी बांधून पोती भरत होते. त्यातलं एक फडकं खाली आलं. ग्यानोबा होता. त्यानं पोत्यावर जागा करून दिली, पाणी दिलं, गौरम्मावहिनीची विचारपूस केली. महादेवप्पानं डबा पुढं केला आणि सगळं सांगून टाकलं. बारसं, झोका, पडदा, खुणांची युक्ती, काही न झाकता.

मग न विचारताच त्यानं ती चाल म्हटली. पुरी, पहिल्यापासून शेवटपर्यंत, भर बाजारात, मोठ्यानं. आवाज फाटत होता, ठसका लागत होता, हमाल बघत होते. ग्यानोबा डोळे मिटून ऐकत राहिला.

"चांगली हाय," तो म्हणाला. "माझ्या मुरकीच्या पुढं बँजो येतो व्हय? मला वाटायचंच." मग त्यानं विचारलं, "अप्पा, तुमाला खडीवरची दुपार आठवती का? दुष्काळातली?"

महादेवप्पानं डब्याचं झाकण उगाच घट्ट केलं.

"तुमी ढिगामागं हुबं व्हता."

"तुला कसं..."

"सायकल. बाभळीला टेकवलेली. हिरव्या दांडीची औशात कुनाची हाय दुसरी? शेषेरावनं पयलं बघितलं. खाजामियाँ म्हनला, हाक मारतो. मीच म्हनलो, नको, अप्पा आपल्या मनानं येतेल. म्हनून तुमची जागा आली की आमी थांबलो. पुन्ना पयल्यापून धरली, पुन्ना थांबलो. तुमचा तुकडा आमाला येत व्हता अप्पा, कवाचाच येत व्हता. पर ती जागा तुमची व्हती." त्यानं फडकं झटकलं. "तुमी आलाच न्हाई."

महादेवप्पा पोत्यावरून उठला. "चल माझ्यासंगं," तो म्हणाला. "आजच चल."

"न्हाई."

"चुकलं माझं, ग्यानबा."

"चुकलं ते कवाच धुवून गेलं. पर मी फुकायला लागलो की तुमी माझ्या हाताकडं बघताल. आताबी तेच बघून राहिलाव."

खरंच, महादेवप्पा ग्यानोबाच्या हातांकडं बघत होता. मिरचीनं लाल झालेले, भेगा पडलेले हात. त्यानं नजर वर केली. शाळेतल्या बाकावर शेजारी बसलेल्या माणसाचे सगळे केस पांढरे झाले होते, आणि ते कधी झाले हे त्याला ठाऊक नव्हतं.

पार्टी त्यानंतर पुष्कळ वर्षं वाजली. तालीम दुकानाच्या ओट्यावर, भर रस्त्याला व्हायची. गौरम्मा उंबऱ्यात बसून "तो सूर खाली घ्या" म्हणून सांगायची आणि महादेवप्पा निमूट घ्यायचा. पुढं कॅसिओ आला, शेषेरावचा पोरगा पिंप वाजवायला लागला, इतर पार्ट्यांची पोरं येऊन चाली ऐकून जायची आणि त्यांना कुणी हाकलायचं नाही. एक जागा मात्र प्रत्येक चालीत मोकळी राहायची. नवीन पोरं विचारायची, अप्पा, इथं काही भरू का, कॅसिओवर झकास बसंल. महादेवप्पा म्हणायचा, "ती ग्यानोबाची जागा हाय. थांबा." पोरं थांबायची, आणि तेवढा वेळ महादेवप्पा बस येते त्या रस्त्याकडं बघत राहायचा.